कुत्रा : निरंक

पुण्यात दारावरच्या पाट्यांनी आता कोणी दचकत नाही. तरी कात्रजच्या आमच्या सोसायटीत येणारा नवा माणूस रामटेकेकाकांच्या दाराशी थबकतोच. 'ना. सी. रामटेके' या नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'कुत्रा : निरंक.'

निरंक म्हणजे सरकारी भाषेत 'काही नाही'. नोकरीसाठी भंडाऱ्याकडून पुण्यात आलेल्या काकांची सगळी हयात कचेरीत लोकांचे अर्ज तपासण्यात आणि त्यांतल्या त्रुटी काढण्यात गेली. निवृत्त झाले, तरी रिकामा रकाना दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. सोसायटीच्या सभेत "कोणाची काही तक्रार?" असं विचारलं, तर गप्प राहणं त्यांना मंजूर नाही. उभे राहतात, "निरंक" म्हणतात आणि बसतात. "रिकाम्या रकान्यात चोर शिरतो," हे त्यांचं ब्रीद.

तर हा गृहस्थ श्रीलंकेला निघाला. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाखाली एकदा बसायचं, ही त्यांची फार जुनी इच्छा. बौद्ध मंडळींची सहल ठरली होती, आता फक्त प्रवासाची ऑनलाइन परवानगी काढायची होती. तो अर्ज त्यांनी मला न विचारता स्वतःच भरला; निस्तरायला मात्र मी. का, तर मी आयटीत! तेही रविवारी सकाळी, डोक्याला तेल चोपडून मी जरा निवांत बसलेली असताना.

"वाच," म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. परवानगी आली होती. नाव : नामदेव सीताराम निरंक रामटेके.

"काका, 'इतर नाव असल्यास' तिथं तुम्ही निरंक लिहिलंत?"

"मग! नाही मला दुसरं नाव. काहून सोडू रिकामा?"

"अहो, त्यांना निरंक म्हणजे काय ते कसं कळणार?"

"देशाचा कारभार करतात आणि निरंक ठाऊक नाही?"

नाव पासपोर्टशी जुळत नाही, विमानात बसू देणार नाहीत, असं सहलवाल्यानं त्यांना फोनवर बजावलं होतं. वर "निरंकसाहेब" अशी हाकही मारली होती. काका धुमसत होते. "आणि हा मंजूर केलाच कसा? चहा प्यायला तेवढ्यात मंजूर! कोणी वाचला तरी का? माझ्या टेबलावर आला असता तर तिथूनच परत गेला असता."

मी चरफडत नवा अर्ज उघडला. काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

"पूर्वीचं नागरिकत्व?"

"निरंक."

"रिकामं सोडतेय."

"सोड. तुमच्या पिढीनं देशच रिकामा सोडलाय!"

"कधी शिक्षा झालीय?"

"निरंक! मोठ्या अक्षरांत लिही."

मी दातओठ खात 'नाही'वर खूण केली आणि पुढचं वाचलं, "अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं?"

मी मान वळवून पाहिलं. काका खिडकीकडे बघत होते.

"भाऊ होता," ते म्हणाले. "तो गेला गेल्या वर्षी." मग अगदी हळू म्हणाले, "निरंक."

"काका, हा रकाना भरावाच लागतो. त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही."

"म्हणजे... मग परवानगी नाही मिळणार का, पोरी?"

टेबलाच्या पलीकडे उभं राहून लोक त्यांना ज्या आवाजात विचारत असतील, तो आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला संताप आला, आणि या खेपेला तो त्यांचा नव्हता. अख्खी सोसायटी त्या पाटीला हसते, पण त्या दारामागे दुसरं कोण आहे, हे कधी कोणी विचारलं नाही. मी खटाखट माझं नाव घातलं, माझा नंबर घातला. नातं : पुतणी.

आता हे खोट्या माहितीबद्दल त्रुटी काढणार, म्हणून मी वाट बघत राहिले. काकांनी स्क्रीनजवळ वाकून एकेक अक्षर वाचलं. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसत बसले.

"शिरलाच शेवटी चोर," ते म्हणाले. "पाठव आता."