परबबाईंनी करून घेतलेली तयारी

परबबाईंसमोर ऐंशी वर्षांचा माणूससुद्धा बोलायच्या आधी हात वर करतो. मीही करतो. मी वीज कंपनीतून निवृत्त झालो, तिथे माझा थोडाफार दरारा होता, पण बाईंनी चष्म्यावरून पाहिलं की माझा हात आपोआप उचलला जातो.

लालबागला आमच्या चाळीखालच्या हॉलमध्ये सोमवार ते शनिवार म्हाताऱ्यांचं केंद्र भरतं. बाहेर पाटी आहे, 'ज्येष्ठांसाठी मनोसामाजिक आधार कार्यक्रम'. म्हणजे आम्ही खुर्चीत बसून हातपाय हलवतो, कॅरम खेळतो आणि सुनांविषयी बोलतो. सुरू केलं एका संस्थेने, पण चालवतात परबबाई. त्यांना कुणी नेमलेलं नाही. त्या आमच्यासारख्याच यायला लागल्या. पण उभा जन्म महापालिकेच्या शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी आमची हजेरी घेतली. उशिरा येणाऱ्याला दारात उभं करतात. उत्तर द्यायचं ते 'पूर्ण वाक्यात'. चहा हवा का, या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणणारा चहाला मुकतो.

अशात संस्थेने कळवलं, की कार्यक्रमाचा उपयोग होतो की नाही हे तपासायला एक साहेब येणार आहेत. झालं, बाईंच्या अंगात वारं संचारलं. तपासणी म्हटली की तयारी, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. दुसऱ्या दिवसापासून कॅरम बंद आणि आमची घोकंपट्टी सुरू. एकटेपणा वाटतो का, असं साहेबांनी विचारलं की सगळ्यांनी एकच सांगायचं: "केंद्रात यायला लागल्यापासून मला एकटेपणा वाटत नाही." सोबत केंद्रात येण्याआधीचा चेहरा करून दाखवायचा आणि मग नंतरचा. गिरणीत आयुष्य काढलेल्या आमच्या पडवळांचे दोन्ही चेहरे सारखेच दिसायला लागले. बाईंनी त्यांना आरशासमोर बसवलं. पडवळांनी बराच वेळ प्रयत्न केला, मग हात वर केला आणि म्हणाले, "बाई, माजो चेहरोच असो आसा."

साहेब आले. तिशीतले, हसतमुख. त्यांनी पडवळांना नाव विचारलं. पडवळ ताडकन उभे राहिले आणि केंद्रात यायला लागल्यापासून आपल्याला एकटेपणा वाटत नाही, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मग रांगेने सगळ्यांनी तेच सांगितलं. पुढे पुढे तर साहेबांनी प्रश्न विचारायचंही सोडलं, उत्तरं येतच होती. बाई भिंतीशी उभ्या राहून आमच्याबरोबर ओठ हलवत होत्या.

साहेब भलतेच खूश झाले. म्हणाले, "फारच छान. म्हणजे इथे आता गरज उरलेली नाही. हा कार्यक्रम वरळीच्या चाळीत हलवावा, असं मी सुचवतो."

केंद्र गेलं तर दिवसभर माझ्याशी बोलायला घरात फक्त टीव्ही. सगळे बाईंकडे बघायला लागले. बाई पुढे आल्या आणि साहेबांसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"यांच्याकडून उत्तरं मी पाठ करून घेतली," त्या म्हणाल्या. "आता मला विचारा."

साहेबांनी विचारलं.

"रविवारी केंद्र बंद असतं. मी घरी एकटीच. सोमवारी सकाळी दूधवाल्याशी बोलायला जाते, तर आवाज फुटत नाही. शनिवारपासून वापरलेलाच नसतो."

इतक्या दिवसांत बाई स्वतःविषयी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. रोज आम्ही त्यांच्यासमोर बसत होतो आणि हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. साहेबांनी मग एकेकाला बाजूला घेऊन पुन्हा बोलतं केलं. या खेपेला कुणी पूर्ण वाक्यात बोललं नाही, पण केंद्र राहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी बाईंना फोन लावला. त्या दुसऱ्या कॉलवर होत्या. तासाभराने लावला, तरी तेच. काही झालं तर नाही ना, हे पडवळांना विचारावं म्हणून त्यांना लावला, तर तेही एंगेज. जेवणं झाल्यावर एकदाचा बाईंचा फोन लागला.

"आता तुम्ही का?" बाई म्हणाल्या. "सकाळपासून पाणी प्यायला उसंत नाही मला."

त्यांचा आवाज पार बसला होता.