लाकडी पाहुणा

“पक्षीच हवा ना दादाला? उद्या सकाळी कुंपणावर हजर करतो!” धाकट्याने वहिनीला ऐटीत सांगितलं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस; एवढंसं पाखरू म्हणजे त्याच्या हातचा मळ!

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा. तीन महिने अंथरुणाला खिळलेला. “ही थंडी निघेलसं वाटत नाही,” असं डॉक्टर दारातच हळू आवाजात सांगून गेले होते. दादाचं मागणं एकच, दर हिवाळ्यात अंगणात येणारा तो लाल छातीचा पक्षी एकदा खिडकीतून दिसावा. आणि तो यावा कशाला? ज्या झुडपाची फळं खायला तो यायचा, ते धाकट्यानेच “खोलीत ऊन येईल” म्हणून उपटलं होतं. मुळासकट! ते आता त्याला आतून खात होतं.

दुसऱ्या दिवशी कुंपणावर पक्षी बसला. छातीला लाल ऑइलपेंट, डोळ्यांच्या जागी काळे मणी. दादाने दुर्बीण लावली आणि त्याचा चेहरा उजळला. धाकट्याची छाती पक्ष्याहून फुगली.

दुपारी दादाची हाक आली. “अरे, सकाळपासून हललेला नाही तो! गारठलाय बिचारा. आत आण त्याला!”

झाली पंचाईत! पक्षी खिळ्यावर ठोकलेला. धाकट्याने त्याला काळा दोरा बांधला आणि सरपणाच्या ढिगामागे दडून हळूच ओढला. पक्ष्याने मान डोलवायची, तर तो गर्रकन फिरला. खाली डोकं, वर पाय!

“अगं, मेला गं तो!” आतून दादाने हंबरडा फोडला.

वहिनी धावत बाहेर आली. “भावजी, काय हा पोरखेळ? ते रडताहेत तिकडे! ताट तसंच परत आलंय.”

“थांबा, आत्ता जिवंत करतो!”

समोर खिडकी आहे हे विसरून त्याने दोऱ्यासकट पक्षी सरळ केला आणि हातोडीचे दोन ठोके हाणले. मग वर बघितलं. दादाने दुर्बीण उशाशी ठेवली होती आणि भिंतीकडे तोंड केलं होतं. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर तो रोज पहाटे कुंपणावर फळांच्या फोडी मांडून कुडकुडत उभा राहू लागला. नवव्या दिवशी खरा पक्षी आला! लाकडी पक्ष्याच्या शेजारी बसून फोडी टिपायला लागला. धाकटा अनवाणी आत पळाला आणि त्याने दुर्बीण दादाच्या डोळ्यांना लावली.

“दादा, बघ! आईशप्पथ!”

दादा बराच वेळ बघत राहिला. “हा मात्र जमलाय,” तो म्हणाला. “मान काय वळते! तुझं आजवरचं सगळ्यात सुरेख काम.”

उभ्या आयुष्यात दादाने त्याच्या एका स्टुलालासुद्धा बरं म्हटलं नव्हतं!

“अरे, मी नाही केला तो!” धाकटा ओरडला, आणि त्या आवाजाने पक्षी भुर्रकन उडाला.

“उडवलासही छान. पण तू तर इथे आहेस. दोरा कोण ओढतंय, तुझी वहिनी?”

धाकट्याने रिकाम्या कुंपणाकडे पाहिलं. लाकडी तेवढा बसला होता.

“हो,” तो म्हणाला. “वहिनीच.”

“तिला आत बोलाव. खरा काही यंदा यायचा नाही. उगाच गारठेल ती.”

धाकटा मुकाट्याने स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासणाऱ्या वहिनीला म्हणाला, “दादा म्हणतोय, आत या.”