बादलीत गेलेला हार

खट्. होळीच्या सुट्टीमुळे सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या त्या गल्लीतले सगळे माग गप्प होते, म्हणून डब्याचं झाकण उघडल्याचा एवढासा आवाजही घरभर ऐकू गेला. पाठोपाठ मयुरीचा आला.

"आई, हार हलतोय."

हार हलत नव्हता, त्याच्यावरच्या मुंग्या हलत होत्या. वर्षाच्या भावाने नंदुरबारहून आणून दिलेला साखरेचा हार, मधोमध बशीएवढं पदक. गेल्या होळीचा हार पाहून सासूबाई, म्हणजे सरलाबाई, चार बायांत म्हणाल्या होत्या, "हार शे का जपमाळ?" म्हणून यंदा भावाने दुकानातला सगळ्यात मोठा उचलला होता. संध्याकाळी तो मयुरीच्या गळ्यात घालून गल्लीभर मिरवायचा, मग होळीला वाहायचा. वर्षाच्या माहेराची सगळी अब्रू त्या एका दोऱ्यात ओवलेली होती.

वर्षा बारावी सायन्स होती. घरात हे कोणाच्या फारसं लक्षात राहत नसे, म्हणून तीच अधूनमधून आठवण करून देई.

"घाबरायचं नाही," ती लेकीला म्हणाली. "हार पाण्यात बुडवू, मुंग्या निघून जातील."

"आणि साखर विरघळली तर?"

"नुसती बुडवून नाही विरघळत, सोनू. ढवळावी लागते. आम्ही प्रयोग केलाय कॉलेजात."

तिने हार माठातल्या गार पाण्यात बुडवून काढला. हार जसाच्या तसा. थोड्या मुंग्या तरंगल्या, बाकीच्या नक्षीत दडून बसल्या. प्रयोग निम्मा साधला आणि वर्षा तिथेच शेफारली. मोरीत नवऱ्याच्या, गजेंद्रच्या, आंघोळीची बादली वाफाळत होती. तो सुट्टीतही मागांना तेलपाणी करायला गेला होता, आणि ते तेल गार पाण्याने अंगावरून निघत नसे. गरम पाण्यात मुंग्या लवकर सुटतील, हा तिचा विचार अगदी बरोबर होता. मुंग्यांखेरीज आणखी काय लवकर सुटेल, हा धडा बहुतेक ती आजारी असताना शिकवून झाला होता.

तिने हार बादलीत सोडला, दोऱ्याचं टोक कडीला अडकवलं, आणि तेवढ्यात पुरण लागल्याचा वास आला. पुरण खरवडून, दुसऱ्या पातेल्यात काढून ती परत आली तेव्हा कडीला दोरा होता. फक्त दोरा.

मयुरी बादलीत डोकावली. "आई, ढवळलं कोणी?"

वर्षाने चपला सरकवल्या आणि थेट कोपऱ्यावरचं दुकान गाठलं.

"हारडा खलास, बेन," दुकानदार म्हणाला. "सवारे आववानुं ने."

सकाळी तिच्याकडे हार होता, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. उंदराने नेला म्हणावं की मांजराने, याचा विचार करत ती घरी आली. बघते तर गजेंद्र आंघोळ उरकून खाटेवर बसलेला. केस ताठ उभे, टॉवेल पाठीला डकलेला, आणि मयुरी वर्तमानपत्राने त्याच्यावरच्या माश्या हाकतेय.

"साबण बदललास का गं?" तो म्हणाला. "पुसतो तितकं जास्त चिकटतंय. अख्खी बादली ओतली यार अंगावर."

ती काही बोलणार तोच सरलाबाई शेजारून आल्या. "व वर्षा, पोरनं गळं रिकामं कसं? बाया वाट दखी राहिन्यात."

उंदीर ओठांवर आला होता. पण मयुरी तिच्याकडेच बघत होती, आणि पोरीसमोर उंदीर काही बाहेर पडेना.

"हार विरघळला, आत्या. गरम पाण्यात."

"कोणतं पानी?"

वर्षाने हळूच गजेंद्रकडे पाहिलं. मग सरलाबाईंनीही पाहिलं.

"मी काय केलं?" गजेंद्र म्हणाला.

सरलाबाई पुढे झाल्या. लेकाच्या खांद्यावरून एक बोट फिरवलं, जिभेला लावलं. वर्षाने डोळे मिटून घेतले.

"तुन्हा भाऊनी साखर चोखी शे व," त्या म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून माहेरची अशी तारीफ तिने पहिल्यांदाच ऐकली. आणि जिची तारीफ, ती साखर निम्मी मोरीतून खाडीला लागली होती, निम्मी नवऱ्याच्या अंगावर वाळत होती.

मयुरीने पप्पांच्या कोपरावर चढणारी मुंगी निरखून पाहिली आणि आईचा पदर ओढला.

"आई, मग आता होळीला पप्पांना वाहायचं?"