म्हेत्रे सरांचं टपाल

म्हेत्रे सरांनी पोस्टकार्डावर खुशाली कधी लिहिली न्हाई. पहिल्याच ओळीत पेशी मारायचे.

शिरूर कासारला मी पोस्टमन होतो. पोस्टकार्ड उघडंच असतं. मी काय डोळ्यांवर पट्टी बांधून वाटायचं? दसरा झाला की सरांचा अकरावीचा जीवशास्त्राचा वर्ग निम्मा रिकामा. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. बाकीचे मास्तर गैरहजेरी लावून मोकळे व्हायचे. आमचे सर कारखान्याच्या तळावर, मुकादमाच्या पत्त्यावर कार्डं धाडायचे. आणि मजकूर काय? 'चि. सुमन, पेशीला शेजारच्या पेशींकडून जगण्याचा निरोप सारखा यावा लागतो. तो थांबला, की मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पडतात. आतलं एक प्रथिन बाहेर येतं आणि पेशी स्वतःलाच मोडीत काढते. आकृती काढून पाठव. परीक्षेला ये.'

मी म्हणायचो, पोरीच्या हाताला फोड आलेले, तिला आकृत्या कुठनं सुचतील? त्यावर त्यांचं ठरलेलं, "आप्पा, मुद्दा समजून घ्या." मग भर उन्हात माझी सायकल धरून मुद्दा. जे मायटोकॉन्ड्रिया पेशीला ताकद पुरवतात, तेच तिचा शेवट करतात. आग न्हाई, सूज न्हाई, शेजाऱ्यांना पत्ताही लागत न्हाई. लई वैताग यायचा.

त्यांना स्वतःला मात्र कुणाचं पत्र यायचं न्हाई. बायको वारलेली. मुलगा बंगळूरला कंपनीत. त्याच्या घरी फोन बसला अन् पत्रं बंद झाली. सरांकडं फोन कुठला? रोज सकाळी टपालाची थैली फोडली की ते पोस्टात हजर, "आपलं काही?" मी मान हलवायचो. मला लई वाईट वाटायचं.

एका माघात सुमनचं कार्ड आलं. आकृती चेचलेल्या बटाट्यासारखी, पण भोकं बरोबर पाडलेली. खाली एकच ओळ: 'परीक्षेला येते, सर.'

सरांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि माझ्याच हातात परत दिलं.

"आप्पा, हे इथं नको. घरी घेऊन या."

"वाचलं की आता, सर."

"दारात येऊन नाव घ्या," ते खाली बघत म्हणाले. "सहा वर्षांत माझ्या दारात कुणी माझं नाव घेतलेलं नाही."

ते पुढं गेले, मी मागनं. दार लावलेलं होतं. मी हाक दिली, "म्हेत्रे सर, पोस्ट!"

फटीतनं त्यांचा पायजमा दिसत होता. दाराला चिकटूनच उभे होते. तरी दुसरी हाक मारेपर्यंत त्यांनी कडी काढली न्हाई.