एक पिल्लू घाबरेना

खिडकीत आलेल्या चिमणीच्या पिल्लाला मी पावाचा चुरा घातला, इथेच सगळं चुकलं. दुसऱ्या दिवशी ते घरात शिरलं. तिसऱ्या दिवशी माझ्या चहाच्या बशीत पाय बुडवून बसलं. हात लावला तरी हलेना! मी मनातून सुखावलो. (मुक्या जीवांना माणसाचं मन कळतं, असं बायकोला दोनदा ऐकवलंसुद्धा.)

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी फोनवर माझी हवाच काढली. "मन-बिन काही नाही हो. पिल्लांना अजून भीती ठाऊक नसते, कुणाच्याही अंगावर बसतात. असंच राहिलं तर तुम्ही म्हणता तो खालच्या मजल्यावरचा बोका आठ दिवसांत त्याला फस्त करील. घाबरवा त्याला!"

म्हटलं, घाबरवायचंच ना? अहो, पंधरा वर्षं मी गेटवर वॉचमन आहे! (तिथे मला कोणी घाबरत नाही, ती गोष्ट वेगळी.)

"तुम्ही? घाबरवणार?" बायको म्हणाली आणि खोकल्याचं निमित्त करून आत गेली.

मी युनिफॉर्म चढवला, काठी आपटली. पिल्लू काठीवर येऊन बसलं. शिट्टी फुंकली. त्याने चोच उघडून खाऊ मागितला. मग मात्र माझा पारा चढला. घसा फाडून ओरडलो, "चालता हो! तीन दिवस झाले, आयतं बसून गिळतोस! लाज नाही वाटत? पुन्हा या घरात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन!"

मागे वळतो तर दारात सासरे. बरोबर तीन दिवसांपूर्वी आमच्याकडे राहायला आले होते आणि आत्ता फिरून परत येत होते. हातातली भाजीची पिशवी गळून पडलेली.

"बाबा, ते तुम्हाला नाही, ते..."

"जावईबापू!"

तीस वर्षं हेडमास्तर होते ते! खिडकीची तावदानं थरथरली. पिल्लू सुसाट उडालं ते थेट झाडाच्या शेंड्यावर. मी मोरीत.

त्यांची समजूत घालायला बायकोला दोन तास लागले. पण काय सांगू, जादूच झाली! आता बायको खिडकीशी आली की पिल्लू भुर्रकन उडतं. सासरे नुसते खाकरले तरी उडतं. बोक्याची तर नुसती चाहूल पुरते. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आता त्याला माणूस बरोबर ओळखता येतो."

मी 'हो' म्हणून फोन ठेवला. अगदी हळूच ठेवला, कारण पिल्लू माझ्या डोक्यावर बसलं होतं.