वारेची घरगुती मोजणी

बायकोच्या सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा फोटो मोजणीदाराने जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि खिशातली पट्टी काढली. वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून, जगात आपल्याखेरीज कुणालाच मोजता येत नाही अशी त्याची पक्की समजूत झाली होती. पोटात बाळाला पोसणारी वार नीट वाढते आहे, असं रिपोर्टात स्वच्छ लिहिलं होतं. पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचणं हा त्याला कमीपणा वाटे.

"मागच्या फोटोत वार पावणेतीन सेंटीमीटर जाड होती. यात सव्वादोन. अर्धा सेंटीमीटर गेली कुठे?"

"अहो, डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलंय," बायको म्हणाली.

"डॉक्टरांनी कधी जमीन मोजलीये का?"

हा मूर्खपणा त्याच्या आईला मात्र लगेच पटला. सून दिवसभर जिने चढते, म्हणून वार आक्रसली, असा निकाल तिने जागेवर देऊन टाकला. सुनेची रवानगी पलंगावर झाली. दर तासाला दुधाचा पेला येऊ लागला. सोमवारी सुनेची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. त्या जागेची तिने अकरा वर्षं वाट पाहिली होती.

"मुलाखत काय, पुन्हा होईल," मोजणीदार म्हणाला.

"कोण घेणार? तुमची पट्टी?"

सोमवारी सकाळी, मुलाखतीला दोन तास असताना, ती उठली आणि तिने दोन्ही फोटोंसकट नवऱ्याला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं. बाईंनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"फोटोच्या कडेला या बारीक खुणा दिसतात? दोन खुणांमध्ये एक सेंटीमीटर. हे प्रमाण. बाळ वाढलं, सगळं मावावं म्हणून या वेळी चित्र लहान घेतलं, म्हणून खुणाही जवळ आल्या. वार छान वाढलीये. तुम्ही आयुष्यात कधी नकाशा पाहिलाय का हो?"



"पाहतात अधूनमधून," बायको म्हणाली, आणि पर्स उचलून मुलाखतीला गेली.

त्याच्या कचेरीत खुर्चीमागे एक पाटी होती, त्यानेच रंगवलेली: 'आधी प्रमाण वाचा, मग भांडा.' पुढच्या आठवड्यात नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी ती घरी मागवली आणि त्याच्याकडूनच पलंगाच्या वर ठोकून घेतली. पाटी सरळ लागली की नाही ते पाहायला त्याने बायकोकडे जप्त असलेली पट्टी मागितली. ती त्याला मिळाली नाही.