नानांच्या तीन उड्या

आमच्या रहाटणीच्या साइटवर कामाचा दिवस नानांच्या उडीने सुरू होतो. नाना म्हणजे आमचे सुपरवायझर. वय साठीला टेकलेलं, वजन शंभराच्या पुढे. गवंडी वर जायच्या आधी ते कमरेला पट्टा बांधून परांचीवर चढतात, हुक अडकवतात आणि फळीवर तीन उड्या मारतात. सगळी परांची कण्हते. मग वरून आवाज येतो, "मला पेललं, आता समद्यांना पेलंल. या वर."

ही रीत कुठल्याही पुस्तकात नाही. तपासणीचा छापील तक्ता मी नानांना दिला होता. त्यावर ते भेळ खात. "तक्ता उडी मारतो व्हय, सायेब?"

नाना मूळचे रहाटणीचेच. नोकरीची त्यांना गरज नाही. गावठाणात तीन मजली घर आहे. वरचे दोन्ही मजले भाड्याने, स्वतः तळमजल्यावर.

वाकडच्या एका साइटचा मुकादम जादा रोजाचं आमिष दाखवून आमच्या कंपनीचे गवंडी पळवायचा. नानांकडचा एकही गेला नाही. माणसं कशी टिकवावीत याचं कंपनीने आम्हा इंजिनिअरांना हॉटेलात दिवसभर प्रशिक्षण दिलं. त्यातलं मला फक्त पनीर आठवतं.

आता माझा अपराध सांगतो. स्लॅबचं काम मागे पडलं होतं, वरून रोज फोन येत होते. मी अहवालात लिहिलं, सुपरवायझरच्या तपासणीत रोज अर्धा तास जातो. ते खोटं नव्हतं. फक्त सळया मीच उशिरा मागवल्या होत्या, ते लिहिलं नाही. कंपनीने नानांना चाकणच्या गोदामावर बसवलं.

दुसऱ्या सकाळी गवंडी परांचीखाली बसून राहिले. बीडचा मारुती म्हणाला, "साहेब, उडी कोण मारणार?"

"तक्त्यावर माझी सही आहे."

"मग तुम्हीच मारा की."

चढलो. एकच मारली, तीही सही केल्यासारखी, घाईत. उतरलो तर मारुतीने पिशवी खांद्याला लावली होती. "नाना आले की फोन करा," म्हणाला. त्याच्यामागे सगळे गेले.

संध्याकाळी नानांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, सळयांसकट. ते जेवायला बसले होते. रागावले नाहीत.

"किती मारल्या?"

"एक."

"खाली बघितलं?"

"हो."

"तितंच चुकलं. मी डोळं मिटून मारतो. लय भ्या वाटतं मला उंचीचं. म्हणून तर घरात बी खाली ऱ्हातो."

"मग चढता कशाला?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "पोरं वर जात्यात ना. आन् मी खाली आलो की इचारत्यात, नाना, उतरलात का नीट? आमची मंडळी गेल्यापास्नं दुसरं कोण इचारतंय?"

दुसऱ्या दिवशी नवा अहवाल पाठवला. मला लेखी ताकीद मिळाली, नाना परत आले. दोन दिवसांनी मारुतीची पिशवीही आली.

हल्ली तिसरी उडी झाली की मी शिडीखाली जाऊन उभा राहतो. मारुतीच्या आधी मला विचारता यावं, म्हणून साइटवर जरा लवकरच पोचतो.